बूट कागदावर टेकत का नाही?

बुटाचं स्केच फसतं तेव्हा लेस, शिवण, छटा हे सगळं बहुतेक वेळा ठीकच असतं. फसलेली असते ती बैठक. बूट जमिनीवर उभा राहत नाही. तरंगतो, कलतो, नाहीतर पुढे घसरतो. हा एकच दोष मी आधी स्वतःच्या वह्यांत आणि नंतर शिकणाऱ्यांच्या वह्यांत वर्षानुवर्षं दुरुस्त करत आले आहे. त्यातून तपासणीचा एक क्रम हाताशी आला. जे फुकट आणि मिनिटभरात होतं ते आधी, ज्याला आठवडे लागतात ते शेवटी. हा क्रम मोडू नका. कागदच चुकीचा ठेवलेला असेल तर बुटाच्या रचनेचा कितीही अभ्यास केला तरी चित्र वाकडंच येणार.

लक्षणं

आधी स्वतःचं शेवटचं स्केच समोर घ्या आणि यातलं काय काय दिसतं ते बघा.

काढताना बूट बरोबर वाटला, पण कागद उचलून समोर धरला की तो उभा ताणल्यासारखा, लांबुळका दिसतो.

नाक प्रचंड मोठं आणि टाच चिमुकली.

टाच एका जमिनीवर आणि चवडा दुसऱ्या जमिनीवर, जणू मध्ये पायरी आहे.

बूट बाहेरच्या कुशीवर कललेला, हात लावला तर पडेल असा.

पाय घालायचं तोंड वरून चिकटवल्यासारखं. त्यात पाय शिरेल असं वाटत नाही.

बूट डाव्या पायाचा की उजव्या, हे सांगता येत नाही.

जोडीतला प्रत्येक बूट सुटा बघितला तर बरा, दोन्ही एकत्र बघितले तर वेगवेगळ्या खोल्यांतले.

पहिली दोन लक्षणं असतील तर दोष तुमच्या चित्रकलेत नाही, मांडणीत आहे. तो आज, आत्ता जाईल. मधली तीन तळाशी आणि छेदांशी, म्हणजे बूट आडवा कापला तर दिसणाऱ्या आकारांशी, निगडित आहेत. शेवटच्या दोन लक्षणांना सराव लागतो.

कागद कसा ठेवलाय?

टेबलावर सपाट ठेवलेल्या कागदाकडे आपण तिरकं बघतो. कागदाची वरची कड डोळ्यापासून लांब असते, त्यामुळे तिकडचा भाग दबलेला दिसतो. हात नकळत त्याची भरपाई करतो आणि चित्र उभ्या दिशेने ताणतो. बसल्या जागेवरून ते छान दिसतं. उचललं की बिंग फुटतं.

एक जाड पुठ्ठा घ्या, त्याची खालची कड मांडीवर आणि वरची कड टेबलाच्या काठावर टेकवा. नजर कागदावर जवळपास काटकोनात पडली पाहिजे, एवढंच. दुसरा फायदा असा की बूट आणि कागद जवळजवळ एकाच नजरेत येतात, मान खाली-वर करावी लागत नाही. मान जितकी कमी हलते तितकं बघितलेलं माप डोक्यात टिकतं. लांबुळक्या बुटांची बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

डोकं हलतंय का?

यथार्थदर्शन म्हणजे एका डोळ्याने, एका जागेवरून दिसलेलं दृश्य. जागा बदलली की दृश्य बदललं. बूट डोळ्यापासून पन्नास सेंटिमीटरवर असेल आणि डोकं दहा सेंटिमीटर सरकलं, तर बघण्याचा कोन सुमारे अकरा अंशांनी बदलतो. दीड मीटरवर तेवढ्याच हालचालीने चार अंशांहून कमी फरक पडतो. जवळ बसून, वाकून वाकून काढलेल्या स्केचमध्ये टाच एका कोनातून आणि नाक दुसऱ्याच कोनातून आलेलं असतं. टाच आणि चवडा यांच्यामध्ये जी पायरी दिसते, ती बऱ्याचदा हीच.

अल्ब्रेख्त ड्युररने १५२५ मध्ये छापलेल्या एका लाकडी ठशाच्या चित्रात काचेवर चित्र काढणारा माणूस दिसतो. त्याच्या डोळ्यासमोर एक ठरावीक खूण रोवलेली आहे, डोळा तिथून हलू नये म्हणून. एवढी व्यवस्था आपल्याला नको. खुर्चीचे पाय जमिनीवर खडूने आखा, पाठ टेकवा, आणि बुटाचा एखादा ठळक बिंदू त्याच्या मागच्या एखाद्या कडेशी जुळवून ठेवा. दर काही मिनिटांनी बघा, तो अजून जुळतोय का. नसेल तर आधी डोकं जागेवर आणा, मग पेन्सिल उचला.

अंतर पुरेसं आहे का?

वस्तू जितकी लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर बसा. तीस सेंटिमीटरच्या बुटाला एक मीटर हा किमान. त्याहून जवळ गेलात की पुढचा भाग फुगतो, मागचा आकसतो, आणि तुम्ही प्रामाणिकपणे जसं दिसलं तसं काढलं तरी बघणाऱ्याला ते विचित्र वाटतं.

फोटोवरून काढत असाल तर हे दुप्पट लागू. फोनचा मुख्य कॅमेरा बऱ्यापैकी रुंद भिंगाचा असतो. बूट फ्रेममध्ये मोठा यावा म्हणून आपण फोन जवळ नेतो आणि नाक ढोलाएवढं होतं. दीड-दोन मीटर मागे जा आणि तिथून झूम करा. आकार बदलतो तो अंतरामुळे. झूम फक्त कापून मोठं करतं. आणि शक्य असेल तर फोटो सोडाच. फोटोत बुटाची पलीकडची बाजू बघायला उठून जाता येत नाही, आणि बूट काढताना ती पलीकडची बाजू माहीत असावीच लागते.

आरसा

स्केच आरशात बघा, किंवा कागद उजेडासमोर धरून मागून बघा. दहा सेकंदांचं काम. रोजच्या दिशेने बघून डोळा चुकीला सरावलेला असतो. दिशा उलटली की कललेला बूट लगेच कललेला दिसतो. इथे काही दुरुस्त करू नका, फक्त कुठे कलतोय तिथे फुली मारा.

नजरेची रेघ आखली होती का?

सरळ समोर बघितल्यावर नजर ज्या उंचीवर जाते ती आडवी रेघ. जमिनीवरच्या बुटासाठी ती कागदाच्या खूप वर, बहुतेकदा कागदाबाहेर असते. म्हणूनच लोक ती विसरतात. विसरलं की काय होतं? तळ जवळजवळ बाजूने दिसतोय असा काढला जातो, आणि तोंड वरून बघितल्यासारखं गोल. एकाच बुटाकडे दोन उंचींवरून बघितलं गेलं.

बूट जमिनीवर ठेवून उभ्याने काढत असाल तर वरचा पृष्ठभाग भरपूर दिसेल आणि तळाची जाडी फारशी दिसणार नाही. टेबलावर ठेवून बसून काढत असाल तर उलट. सुरुवात करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मला बुटाच्या आत, तळाशी किती दिसतंय? उत्तर कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. शेवटी तोंडाचा आकार त्याच्याशी ताडून बघा.

बूट पहिल्यांदाच काढत असाल तर तो टेबलावर, नजरेपेक्षा थोडा खाली आणि तुमच्याकडे तिरका ठेवा. सरळ समोरून, नाकावर नजर ठेवून काढायला जाऊ नका. त्या कोनात सगळी लांबी दबून जाते, आणि ती अनुभवी हातांनाही छळते.

तळाचा ठसा काढलाय का?

खरं दुखणं इथे आहे. माझ्याकडे आलेल्या फसलेल्या स्केचेसपैकी बहुतेकांत बूट वरून खाली काढलेला असतो: आधी नाकाची गोलाई, मग लेस, मग घोट्याभोवतीची कड, आणि सगळं झाल्यावर उरलेल्या जागेत सोल. घर छपरापासून बांधल्यासारखं. सोल मग वरच्या आकाराच्या मागे फरपटत जातो आणि जमीन मिळेल तिथे टेकतो.

हे मोडायला एक उपाय मी सगळ्यांना करायला लावते. बूट कागदावर ठेवा, पेन्सिल उभी धरून त्याभोवती बाह्यरेषा फिरवा, आणि तो ठसा कात्रीने कापून घ्या. आता तो कागदी ठसा बुटाच्या शेजारी, त्याच दिशेने जमिनीवर ठेवा आणि जागेवर येऊन बसा. बूट बाजूला सारा. फक्त तो कागदाचा तुकडा काढा, जसा तिरका दिसतो तसा.

दोन गोष्टी लगेच दिसतील. पहिली, तो तुकडा वाटतो त्यापेक्षा फार चपटा दिसतो. दुसरी, तो सममित नाही. बहुतेकजण बुटाचा तळ मधून दुमडता येईल असा काढतात, आणि म्हणूनच डावा-उजवा कळत नाही. ठसा नीट बघा: आतल्या बाजूला, कमानीपाशी, कड खोल आत वळते, बाहेरची कड बरीच सरळ जाते. चवड्याचा सर्वांत रुंद भाग आडवा नसून तिरका आहे. अंगठ्याच्या मुळाचा सांधा पुढे, करंगळीच्या मुळाचा मागे. टाचेपासून मोजलं तर आतला सांधा साधारण सत्तर टक्के लांबीवर येतो, बाहेरचा साठ टक्क्यांच्या थोडा पुढे. हा तिरकेपणा चित्रात आला की बूट डावा की उजवा हे न सांगता कळतं. बूटही तिथेच दुमडतो, त्यामुळे जुन्या बुटावरच्या सुरकुत्या याच तिरक्या रेषेला धरून पडतात. सुरकुत्या आडव्या काढल्या की बूट पुठ्ठ्याचा वाटतो.

आता ठशाभोवती आयत आखा. लांबी आणि चवड्याची रुंदी साधारण तीनास एक निघेल. तुमच्या बुटाचं प्रमाण पट्टीने मोजून घ्या. फर्म्याच्या, म्हणजे ज्या पावलाच्या आकाराच्या साच्यावर बूट बेततात त्याच्या, लांबीचा अंदाज हवा असेल तर युरोपियन मापाचा हिशेब सोपा आहे. त्यात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे ४२ नंबरचा फर्मा २८ सेंटिमीटर. सोल त्याहून थोडा मोठा. हा आयत यथार्थदर्शनात काढा आणि त्याचे कर्ण जोडा. कर्ण छेदतात तो दिसणारा मध्य. पट्टीने मोजून काढलेला मध्य इथे चालत नाही, कारण जवळचा अर्धा भाग लांबच्या अर्ध्यापेक्षा मोठा दिसतो. पुढच्या अर्ध्याचे पुन्हा कर्ण काढले की पाऊण लांबीची खूण मिळते, आणि चवड्याची तिरकी रेष या दोन खुणांच्या मध्ये बसते. त्या खुणांना धरून ठसा काढा.

असे वीस ठसे वेगवेगळ्या कोनांतून काढा. वर बूट चढवू नका. कंटाळा येतो हे मला माहीत आहे, पण बूट टेकायला लागतो तो याच वीस कागदांवर.

तळ सपाट धरलाय का?

ठसा जमिनीवर आला तरी बुटाचा सोल सगळीकडे जमिनीला चिकटत नाही. एक गोल पेन्सिल घ्या, बुटाच्या नाकासमोर आडवी ठेवा आणि हळूच बुटाखाली लोटा. ती थोडी आत जाईल आणि अडेल. अडली तिथून मागे जमिनीचा स्पर्श सुरू होतो; तिच्या पुढचं नाक हवेत आहे. धावण्याच्या बुटात ती बरीच आत जाते, चामड्याच्या औपचारिक बुटात कमी. बऱ्याच खेळाच्या बुटांत टाचेची मागची कडही थोडी उचललेली असते, आणि टाच वेगळी जोडलेली असेल तर कमानीखाली पोकळी असते.

नाकाची ही उचल सोडली तर बूट इस्त्रीसारखा जड दिसतो. अती केली तर होडी होते. म्हणून पेन्सिल जिथे अडली तिथे सोलच्या कडेवर बारीक खूण करा आणि तीच खूण चित्रात आणा. सर्वांत गडद सावली फक्त स्पर्शाच्या जागी द्या, पुढे नाकाखाली ती विरळ होत जाऊ द्या. सोलखाली सगळीकडे सारखी काळी रेघ ओढणं हे बूट तरंगण्याचं फार मोठं कारण आहे.

आडवे छेद

तीन रबरबँड घ्या. एक नाकावर, एक चवड्यावर, एक लेसच्या वरच्या टोकापाशी. बुटाभोवती चढवा आणि बुटाऐवजी ते रबरबँडच काढा.

नाकावरचा बसका आणि रुंद असतो. चवड्यावरचा वर चढायला लागतो. लेसपाशी तो जवळजवळ छपरासारखा, आणि त्याचा माथा मधोमध नसतो: आतल्या, अंगठ्याच्या बाजूला झुकलेला. आतली बाजू उभी चढते, बाहेरची उतरती पसरते. पावलाचं हाडच तसं आहे. माथा मधोमध घेतला की बूट बाहेरच्या कुशीवर पडल्यासारखा दिसतो. कललेला बूट घेऊन येणाऱ्यांना मी हीच एक गोष्ट आधी बघायला सांगते.

हे छेद हातात बसायला मला स्वतःला बरेच महिने लागले. रोज एक बूट, तीन रबरबँड, दहा मिनिटं. यापेक्षा जवळचा रस्ता मला सापडलेला नाही.

तोंड

पाय घालायची कड म्हणजे सपाट लंबवर्तुळ नव्हे. मागे टाचेवर ती वर चढते, दोन्ही बाजूंना घोट्याखाली खाली उतरते, पुढे जिभेकडे पुन्हा चढते. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली आणि थोडा मागे असतो, म्हणून बऱ्याच बुटांची कड बाहेरच्या बाजूला जास्त खाली कापलेली असते. पलीकडची कड आधी काढा, जणू बूट काचेचा आहे. मग अलीकडची. दोन्हींच्या मधल्या जागेत अस्तराची जाडी दाखवा. जाडी नसली की तोंड चिकटवलेलं दिसतं.

टाचेची मागची शिवण ओळंब्याने तपासा: दोऱ्याला छोटं वजन बांधून समोर धरा. शिवण सहसा सरळ उभी नसते, मध्ये बाहेर फुगून वर आत वळते.

लेसच्या छिद्रांबद्दल एवढंच: दोन्ही रांगा लेसपाशीच्या छपरासारख्या छेदाच्या दोन उतारांवर बसतात, त्यामुळे पलीकडची रांग अलीकडच्यापेक्षा दाटीने दिसते आणि तिची छिद्रं जास्त चपटी. समोरासमोरच्या छिद्रांना जोडणाऱ्या रेषा एकाच दिशेने जायला हव्यात. लेस सर्वांत शेवटी.

जोडी

दोन बूट समांतर नसतील तर त्यांच्या कडांचे व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात ते बिंदू, वेगवेगळे असतात, आणि ते बरोबर आहे. नजरेची रेघ मात्र दोघांना एकच. बहुतेकजण पहिला बूट पूर्ण करून मग दुसरा काढतात. तोवर डोकं सरकलेलं असतं. दोन्ही ठसे आधी, एकाच बैठकीत. मग दोघांमधल्या रिकाम्या जागेचा आकार काढा. ती जागा बरोबर आली की जोडी एका जमिनीवर येते.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

वरचं सगळं क्रमाने करून, सुमारे दोन महिने सराव करूनही तोच दोष येत असेल तर एकट्याने घासत बसू नका. समोर बसून बघणाऱ्या शिक्षकाची गरज आहे. तुमचा हात कुठे घाई करतो हे त्यांना दोन मिनिटांत दिसेल, तुम्हाला वर्षभरात दिसणार नाही.

सरळ रेषा, दाराची चौकट किंवा फरशीच्या कडा चित्राबाहेरही लाटेसारख्या किंवा मध्येच वाकलेल्या दिसत असतील तर हा सरावाचा प्रश्न नाही. लवकरात लवकर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. अंगठा, मनगट किंवा बोटांत दुखणं वा मुंग्या विश्रांतीनंतरही राहत असतील तर पेन्सिल खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पकड बदलून ते जाईल अशी वाट बघू नका.

आणि स्केचवरून खरा बूट बनवायचा असेल तर यथार्थदर्शनातलं चित्र कितीही चांगलं असलं तरी त्यावरून कापड किंवा चामडं कापता येत नाही. त्यासाठी फर्म्यावर मापं घेऊन पॅटर्न काढणारा माणूस लागतो. त्याच्याकडे जाताना तिरक्या स्केचसोबत बाहेरची बाजू, आतली बाजू, वरून आणि मागून अशी चार सपाट चित्रं न्या, आणि बूट कोणत्या फर्म्यावर बसवायचा ते आधी त्यालाच विचारा.

शिक्षकाकडे जाताना मात्र सजवलेलं चित्र नेऊ नका. तीन ताजी, न खोडलेली स्केचेस न्या, प्रत्येकावर नजरेची उंची आणि बुटापासूनचं अंतर लिहिलेलं, आणि शक्य असेल तर तो बूटही.